मधली सही

कुठल्याही इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या उजव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिला टायटल ब्लॉक म्हणतात. पार्टचं नाव, नंबर, मटेरियल, स्केल आणि त्याखाली सह्यांचे तीन रकाने: ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्हड. काढणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. सुरुवात पहिल्या रकान्यात झाली आणि निवृत्त झाले तेव्हा माझी सही मधल्या रकान्यात होती. हे अंतर मी एकटीनं कापलं नाही. बोट धरणारी माणसं होती म्हणून तिथवर पोचले. हल्ली ती माणसं फार आठवतात, कारण पहिल्या रकान्यातलं काम झपाट्यानं यंत्राकडे चाललं आहे, आणि मधल्या रकान्यात उद्या कोण बसणार याची कुणी फारशी फिकीर करताना दिसत नाही.

मी औंधच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलं. १९८९ साली नोकरीला लागले तेव्हा आमच्या हॉलमध्ये ड्रॉइंग बोर्डांच्या रांगा होत्या. मोठ्या असेंब्लीला ए-झिरो कागद लागायचा, ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा. त्याच्या वरच्या टोकाला पोचायला माझ्यासारखीला टाचा उंचवाव्या लागत. आधी पेन्सिलीनं काढायचं, मग ट्रेसिंग पेपर लावून रोट्रिंगच्या पेनानं शाई करायची. पार्टची कड ०.५ च्या पेनानं, मापाची रेषा ०.२५ नं. शाई चुकीच्या जागी गेली तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची आणि खरवडलेली जागा नखानं घासून गुळगुळीत करायची. ते घासणं राहिलं तर नवी शाई तिथे फुटायची आणि सगळं ट्रेसिंग खराब दिसायचं. ट्रेसिंगवरून प्रिंट निघायची अमोनियाच्या मशिनवर. त्या खोलीतून बाहेर येणाऱ्याचे डोळे लाल झालेले असत.

आमच्या चेकरना सगळे अण्णा म्हणत. ड्रॉइंग तपासायला गेलं की ते प्रिंट टेबलावर पसरून दोन पेन्सिली काढत, एक पिवळी, एक लाल. बरोबर मापावर पिवळी खूण, चुकलेल्यावर लाल. पण लाल खूण करून कागद परत देणारा तो माणूस नव्हता. समोर उभं करून विचारायचे, "हे माप टर्नर कुठून धरणार?" "इथे बोल्ट दाखवलास, तो आवळायला पाना कुठून जाणार?" "हे बेअरिंग उद्या खराब झालं तर काढायचं कसं?" उत्तर आलं नाही तर स्वतः सांगत नसत. म्हणत, "शॉपमध्ये मशिनपाशी जा, बघून ये."

त्या "बघून ये"नं मला जे दिलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. टूलरूममध्ये एक जुने टर्नर होते. सगळ्यांचे मामा, म्हणून माझेही मामा. एकदा मी बुश आणि शाफ्टच्या ड्रॉइंगवर पंचवीस एच-सेव्हन, जी-सिक्स असं फिट लिहिलं होतं. तक्ता उघडला, आकडे उतरवले, झालं. मामांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. हातात नुकताच होन केलेला बुश दिला, बुशचं खालचं तोंड अंगठ्यानं बंद करायला सांगितलं आणि वरून तेलाचा हात फिरवलेला शाफ्ट सोडला. शाफ्ट थोडा आत गेला आणि अडला. आतल्या हवेला जायला वाट नव्हती. "आता बोट काढ," मामा म्हणाले. बोट काढलं, तसा तो शाफ्ट सावकाश, आपल्याच वजनानं, एकसारखा खाली उतरला.

"हे तुझं एच-सेव्हन, जी-सिक्स," मामा म्हणाले. "आणि घट्ट हवं असेल तर वेगळं लिही, मला वेगळं करावं लागेल."

पंचवीस मिलिमीटरच्या या फिटमध्ये शाफ्ट आणि बुश यांच्यातली फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक जागेत सगळा खेळ. तोवर ते माझ्या लेखी आकडे होते. त्या दिवसापासून तक्ता उघडला की माझ्या अंगठ्याला तो शाफ्ट जाणवू लागला. एखाद्या ठिकाणी फिट लिहिताना, ही वस्तू सरकायला हवी की बसायला हवी, हा प्रश्न आपोआप मनात येऊ लागला. चेकर व्हायची सुरुवात तिथे झाली असं मी मानते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आमच्याकडे ऑटोकॅड आलं. जगात ते १९८२ पासून होतं, भोसरीत यायला वेळ लागला. एसी केबिन, बाहेर चपला काढून आत जायचं, एका कॉम्प्युटरवर पाळीपाळीनं बसायचं. रेषेला एल, कापायला टीआर, आरशातल्यासारखी उलटी करायला एमआय. ज्या बदलासाठी आम्ही अख्खं ट्रेसिंग पुन्हा काढत होतो तो आता जेवणाच्या सुट्टीआधी होऊ लागला. आणि त्याबरोबर डब्याच्या टेबलावर एकच विषय: आता निम्मा हॉल घरी जाणार.

खरं काय झालं ते सांगते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. जे फक्त ट्रेसिंग करायचे, दुसऱ्याच्या पेन्सिलीवरून शाई फिरवायचे, त्यांचं काम गेलं. काहींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, काहींना स्टोअरमध्ये हलवलं. हेही पहिल्यांदा घडत नव्हतं. १८४२ मध्ये जॉन हर्शेलनं निळ्या छपाईची पद्धत शोधली आणि पुढे तिच्यातून ब्लूप्रिंट आली, तेव्हा हातानं नकला करणाऱ्यांचं बरंचसं काम असंच संपलं होतं. बाकीच्यांपैकी जे तरले ते जास्त हुशार होते म्हणून तरले असं नाही. ज्यांच्या शेजारी कुणीतरी बसलं ते तरले. कॉलेजातून नुकताच आलेला एक मुलगा संध्याकाळी थांबून आम्हाला कमांड शिकवायचा आणि त्याच्या बदल्यात आम्ही त्याला वेल्डिंगच्या खुणा, कास्टिंगला ठेवायचं मशिनिंग अलाउन्स हे सगळं समजावायचो. अण्णा शेवटपर्यंत कॉम्प्युटरवर बसले नाहीत. त्यांना बसायची गरजही पडली नाही. स्क्रीनवर काढलेलं ड्रॉइंग प्रिंट होऊन त्यांच्याच टेबलावर जायचं, पिवळी आणि लाल पेन्सिल तीच होती आणि प्रश्नही तेच होते.

म्हणूनच जुने दिवस सोन्याचे होते असं मी कधी म्हणत नाही. त्या सोन्यात अमोनिया होता, मान आखडलेली असायची, एका बदलासाठी रात्री उशिरापर्यंत थांबणं होतं. पुढे थ्रीडी मॉडेलिंग आलं आणि अख्खी असेंब्ली स्क्रीनवर फिरवून बघता येऊ लागली, कुठे काय कशावर आदळतं ते लोखंड कापण्याआधी कळू लागलं, वजन एका क्लिकवर निघू लागलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. स्कूटरचंही तसंच. आमच्या घरी बजाजची चेतक होती. १९७२ साली बाजारात आलेली ही स्कूटर मिळवायला लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. २००९ मध्ये बजाजनं स्कूटरचं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी घरांना घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं. पण टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर कुणी आठवत नाही. २०२० मध्ये चेतक विजेवर धावणारी होऊन परत आली आणि २०२२ पासून, जिथे जुनी चेतक बनायची त्याच आकुर्डीत तिच्यासाठी वेगळा कारखाना सुरू झाला. नाव तेच, गाव तेच, धूर नाही. याला मी ऱ्हास म्हणू शकत नाही.

मात्र त्या एका स्कूटरमागे आमच्या पट्ट्यातला मोठा घोर दडलेला आहे. विजेच्या गाडीला पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, क्रँकशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह नाहीत, सायलेन्सर नाही. भोसरी, चाकणमधल्या कितीतरी लहान कारखान्यांचं पोट याच भागांवर आहे. बाप-लेकांनी कर्ज काढून घेतलेली दोन-तीन सीएनसी मशिनं आणि एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच पार्टवर चाललेली शेड, असे कितीजण आहेत ते या भागात फिरणाऱ्याला ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूनं मोटरचे शाफ्ट आहेत, ॲल्युमिनियमची हाउसिंग्ज आहेत, आणि गिअर तर आधीपेक्षा जास्त काटेकोर लागतात, कारण इंजिनाचा आवाज गेला की गिअरचा बारीकसा आवाजही गाडीत ऐकू येतो. काम आहे, पण ते वेगळं काम आहे. आणि वेगळं काम घेणं त्यालाच जमतं ज्याला आधीचं काम का तसं होतं ते कळलेलं असतं. ज्यानं फक्त बटण दाबलं, त्याच्या हातात बटण बदललं की काहीच उरत नाही.

यंत्राची भीती आपल्याकडे नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल अशी धास्ती शेतकऱ्यांना होती. तरी तो नांगर पुढे महाराष्ट्राच्या शेतांत पोचला. मला लक्ष्मणरावांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. चित्रकार व्हायला ते मुंबईला गेले, रंग ओळखण्यातल्या दोषामुळे चित्रकला सोडावी लागली, मग मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी करणारा माणूस मुळात ड्रॉइंगचा मास्तर होता. मराठी मुलखातली कारखानदारी शिकवणाऱ्या माणसाच्या हातून वाढली, ही गोष्ट आज कारखाना चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ती यंत्राची भीती आता माझ्या घराजवळही दिसते. आम्ही ताथवड्यात राहायला आलो ते हे गाव २००९ मध्ये महापालिकेत गेल्यानंतर. तेव्हा सोसायटीच्या भोवती शेतं होती, नृसिंहाच्या देवळाच्या बाजूला जुनं गाव होतं आणि पशुसंवर्धन खात्याच्या वळूमाता प्रक्षेत्राचा हिरवा पट्टा लांबवर दिसायचा. आता हायवेच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं रस्ताभर असतात आणि संध्याकाळी भूमकर चौकातून घरी पोचणं हीच एक शिफ्ट होऊन बसते. आमच्या मजल्यांवर निम्मी माणसं चाकण-भोसरीच्या कारखान्यांतली आणि निम्मी हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली. एकेकाळी हिंजवडीवाल्यांकडे बघून आम्ही म्हणायचो, यांना कसली चिंता. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जगभरातले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं, आणि त्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये माझ्या ओळखीची ती जुनी डब्याच्या टेबलावरची कुजबुज ऐकू आली.

शेजारची एक मुलगी हिंजवडीत कोडिंग करते. रविवारी चहाला आली होती. म्हणाली, "काकू, आता कोड मी लिहीतच नाही. एआय लिहितं. मी वाचते, चुका काढते, पुढे पाठवते."

मी म्हणाले, "म्हणजे तू चेकर झालीस. बढतीच की गं."

ती हसली नाही. "माझं ठीक आहे काकू. मी आठ-नऊ वर्षं रात्री जागून लिहिलंय, म्हणून मला चूक दिसते. पण आमच्या टीमला यंदा एकही फ्रेशर दिला नाही. त्यांचं काम एआय करतं म्हणे. मग माझ्यानंतर वाचणार कोण?"

हा प्रश्न तिनं मला विचारला, पण तो हिंजवडीचा तेवढाच चाकणचा आहे. निवृत्तीनंतर मी चाकणच्या बाजूला एका लहान कारखान्यात ड्रॉइंग तपासायला जाते. तिथे डिप्लोमा झालेला एक ट्रेनी मुलगा आहे. त्यानं ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये चौकोनी खोल पॉकेट असलेलं मॉडेल केलं होतं. दिसायला देखणं, मापं बरोबर, वजन बरोबर. पण पॉकेटचे आतले चारही कोपरे काटकोनात, धारदार. मी विचारलं, "हा कोपरा कसा काढणार?" तो म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरनं एरर दिला नाही."

मी त्याला घेऊन व्हीएमसीवर, म्हणजे मिलिंगच्या मशिनवर गेले. ऑपरेटरला दहा मिलिमीटरचा एंडमिल लावायला सांगितला आणि भंगारातल्या तुकड्यावर एक कोपरा कापून दाखवला. कटर गोल आणि गोल फिरणारा, मग आतल्या कोपऱ्यात तो निदान पाच मिलिमीटरची त्रिज्या सोडणारच. पॉकेट खोल, म्हणून अगदी बारीक कटर लावला तर तो थरथरणार आणि तुटणार. धारदार कोपरा हवाच असेल तर स्पार्क मशिन, त्याचा वेगळा इलेक्ट्रोड, वेगळा खर्च, वेगळे दिवस. आणि त्या कोपऱ्याची जरूर तरी होती का? नव्हती. आत बसणाऱ्या पार्टचे कोपरे थोडे मारले की काम भागत होतं. मुलानं त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, कटर हातात घेऊन बघितला आणि मग मला एकामागून एक प्रश्न विचारू लागला. तासभर आम्ही तिथेच उभे होतो. पोरगं हुशार आहे, हौशी आहे. त्याचं एकच अडलं होतं: त्याला मशिनपाशी कुणी नेलंच नव्हतं. त्याचा करार ठरावीक महिन्यांचा, त्याचं टार्गेट दिवसाला किती मॉडेल्स एवढंच, आणि करार संपला की त्याच्या खुर्चीवर नवा ट्रेनी.

माझी तक्रार यंत्राबद्दल नाही, या खुर्चीबद्दल आहे. १९६१ साली आपल्या देशानं शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला तो कारखान्यांनी मुलांना काम करता करता शिकवावं म्हणून. आज ट्रेनी हे नाव पुष्कळ ठिकाणी स्वस्त मनुष्यबळाचं झालं आहे. त्याला शिकवायला वेळ नाही, शिकवणाऱ्या माणसाला त्या वेळेचा पगार नाही आणि शिकलेल्याला ठेवून घ्यायची तयारी नाही. आता त्यात एआयची भर. सोपं, लहान, किचकट नसलेलं जे काम पूर्वी नवशिक्याच्या वाट्याला यायचं तेच काम यंत्राला सगळ्यात आधी जमतं. वरवर पाहता यात कुणाचं नुकसान नाही. काम झटपट होतं, खर्च वाचतो. पण ते लहान काम मुळात कारखान्याच्या फायद्याचं नव्हतंच. मी काढलेल्या वॉशर आणि ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवाचून कंपनीचं काही अडलं नसतं. त्या वॉशरवर अण्णांनी मला प्रश्न विचारले म्हणून पुढे मी अख्खा गिअरबॉक्स तपासू शकले.

यंत्रानं काढलेलं ड्रॉइंग दिसायला माझ्या उत्तम ड्रॉइंगपेक्षाही चांगलं दिसतं. त्यातली चूक तेवढ्याच आत्मविश्वासानं छापलेली असते. ती पकडायला पाना कुठून जाणार हे विचारणारं डोकं लागतं, आणि ते डोकं पहिल्या रकान्यात राबल्याशिवाय तयार होत नाही. एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. हाताशी आलं तर मीही वापरेन. पण मधली सही करणारी माणसं आपण आता घडवली नाहीत, तर पंधरा-वीस वर्षांनी कागदावर सही असेल आणि तिच्यामागे समज नसेल. ब्रेकच्या ड्रॉइंगवर अशी सही झाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

उपाय मोठे नाहीत. डिझाइनमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलाला सुरुवातीचे काही महिने शॉपमध्ये उभं करा. सोपी ड्रॉइंग्ज यंत्र काढत असलं तरी नवशिक्याकडूनही काढून घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून त्याला फरक शोधायला लावा. जुन्या माणसाच्या दिवसातला एक तास शिकवण्यासाठी राखा आणि तो तास उत्पादनाच्या हिशोबात धरा. नव्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे की सॉफ्टवेअरनं एरर दिला नाही म्हणून थांबू नका, खाली जा, ज्यानं ती वस्तू बनवायची आहे त्याला विचारा. तो तुम्हाला हाकलून देणार नाही. आमच्या मामांनी कधी कुणाला हाकललं नाही.

आणि माझ्या बरोबरीच्या, निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या टर्नर, फिटर, ड्राफ्ट्समन, चेकर मंडळींना एक कळकळीची विनंती. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ घेण्याआधी एखाद्या मुलाला, मुलीला शेजारी बसवा आणि जे येतं ते सगळं देऊन टाका. आपल्याला ते कुणीतरी असंच, पगाराबाहेर, दिलं होतं.